माग

सोपाऱ्याचा तांडा घाट चढून नासिकला आला
तेव्हा तो शेवटच्या बैलामागे होता,
गोणपाट पांघरलेला, पायांना चिंध्या.
गोवर्धनात आम्ही कोष्टी. परक्याला दुसरं कोण ठेवणार?
वडिलांनी त्याला खळ शिजवायला लावलं,
निकायाच्या हिशेबात लेखकानं लिहिलं: परका, एक.

नाव विचारलं की हसायचा.
समुद्रापलीकडची एक टेकडी,
जैतुनाची झाडं, रात्र, मशाली,
एवढं हातांनी दाखवायचा.
मग हात खांद्याशी येऊन थांबायचे.

धागा चिमटीत चोळून सांगायचा
कुठं भरड, कुठं मऊ. नजर पक्की.
फक्त ताग आला की तोंड फिरवायचा.

आमच्या बोलीतला पहिला शब्द मी शिकवला: माग.
विणायचा तो माग.
चोराचा काढायचा तोही माग.
आणि भुकेला दारात आला
की त्याला म्हणायचं, लाजू नको, माग.
तो गोंधळला. एवढ्याशा घरात
तीन बिऱ्हाडं कशी राहतात,
असं काहीसं बोलला बहुधा.

आश्विनात चूक माझी झाली.
गोदेवर ताणा धुऊन परतताना
त्याच्या पांघरुणाचं टोक धरलं,
म्हटलं, थांब.
एवढंच.
पांघरूण माझ्या मुठीत राहिलं
आणि तो करंजांतून पळाला, उघड्या पाठीनं,
जशी मी एकटी नव्हतेच,
माझ्यामागे पन्नास भालाईत उभे होते.

घरी कुणाला सांगितलं नाही.
पांघरूण घडी करून मागाच्या खड्ड्यात लपवलं,
रात्रभर धोटा फेकला.
एक वीतही धड उतरलं नाही.

पहाटे दारात तो.
थंडीनं काळानिळा, केसांत करंजाची पानं.
हात पुढे करून म्हणाला, माग.
अजून मला ठाऊक नाही,
त्याला काम हवं होतं,
की माझा माग काढत आला होता,
की सांगत होता: तू माग, मी देतो.
मी तिन्ही अर्थांना हो म्हटलं.

मग पुष्कळ वर्षं.
एक मुलगा जगला, एक मुलगी नाही जगली.
झोपेत माझ्या लुगड्याचा काठ त्याच्या मुठीत असायचा.
कूस बदलायची झाली तर मी आधी काठ सैल करायचे.

परवा त्रिरश्मीच्या डोंगरावर
लेण्याला दान द्यायला एक यवन आला,
कापड बघायला आमच्याकडे उतरला.
त्याच्या पेटीत चामड्याची गुंडाळी.
ह्याच्या मुलखातली कुणाची तरी गोष्ट, म्हणाला,
आणि वाचू लागला.
त्या माणसाला धरलं, सगळे सोबती सोडून पळाले.
एक पोरगा तेवढा मागे मागे जात राहिला,
उघड्या अंगावर नुसतं तागाचं वस्त्र.
त्यालाही धरलं. वस्त्र त्यांच्या हाती टाकून
तो नागडाच पळाला.

नाव नाही. पुढे काही नाही.

खळीच्या भांड्यात ह्याचे हात तसेच,
म्हाताऱ्या कानांच्या पाळ्या लाल.
मी म्हटलं, पुन्हा वाच.
कोष्ट्याची लेक आहे, सुटलेला धागा मला लगेच दिसतो.
आधी कोण पळालं?
सगळे, यवन म्हणाला.
मग हा सगळ्यांच्या नंतर पळाला की रे!
यवनानं गुंडाळी उलटसुलट केली,
जणू पाठीमागं काही लिहिलं असेल.

डोंगरावर एका दाम्यात दोन अक्षरं कोरून देतात.
मी विचारलं, कोरायचं तुझं नाव?
नको म्हणाला.
संध्याकाळी स्वतःच तागाची जुडी घेऊन आला,
माझ्यासमोर ठेवली.
वीण. दोघांना पुरेल एवढं.

माझा माग तेवढा रुंद नाही.
दोन पट्टे विणून मधोमध जोडतेय.
शिवण जाड झालीय, पाठीला टोचेल.
टोचू दे.